दारू सुटल्यानंतरचं वर्ष

2021 च्या एप्रिलमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर पिऊन किमान सात माणसं दगावली. कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात होती, दारूची दुकानं बंद होती आणि ज्यांना प्यायल्याशिवाय दिवस काढता येत नव्हता त्यांनी हाताला लागलं ते घशाखाली ओतलं. बातमी देशभर गेली. कुणी या माणसांच्या अडाणीपणावर ताशेरे ओढले, कुणी दुकानं बंद ठेवल्याबद्दल सरकारला बोल लावला. या गदारोळात एक साधी गोष्ट राहून गेली. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना भास होतात, काहींना फिट येते आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणजे हा आजार आहे, त्यावर उपचार आहे आणि तो महागही नाही.

तेव्हा ही माहिती नवी नव्हती. वर्षभर आधी, पहिल्या टाळेबंदीत, बंगळुरूच्या डॉक्टरांनी रुग्णालयांतल्या नोंदी चाळल्या. दारू अचानक तुटल्यामुळे गंभीर अवस्थेत येणारे रुग्ण वाढल्याचं त्यांना दिसलं आणि त्यांनी ते 2020 मध्येच प्रसिद्ध केलं. नोंदवह्या होत्याच, कुणीतरी त्या मोजायला बसलं, एवढंच. केरळ सरकारने त्याच सुमारास डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला आणि तिथल्या उच्च न्यायालयाने तो रोखला. उपाय भलताच होता, पण निदान प्रश्न तरी त्यांच्या नजरेला पडला होता. वणीत तो माणसं गेल्यावर दिसला.

यवतमाळ जिल्हा दारूविषयी मुका आहे, असं मात्र कुणी म्हणू नये. शेजारचा वर्धा जिल्हा गांधी-विनोबांची भूमी म्हणून सत्तरच्या दशकापासून कोरडा. गडचिरोलीत 1993 मध्ये बंदी आली. चंद्रपुरात 1 एप्रिल 2015 पासून आली. त्यानंतर यवतमाळातही मागणीने जोर धरला. ‘स्वामिनी’ अभियानाच्या नावाखाली, महेश पवार यांच्या पुढाकाराने, गावोगावच्या बायका मोर्चे घेऊन निघाल्या, ग्रामसभांचे ठराव झाले, नागपूरच्या अधिवेशनापर्यंत आवाज गेला. मतदान घेऊन गावातलं दुकान बंद करण्याचा, म्हणजे बाटली आडवी करण्याचा, मार्ग 2008 च्या नियमांनी दिलेला होताच. दिवसाची मजुरी गुत्त्यावर जाते आणि रात्रीचा मार घरी येतो, हे ज्या बाईने सोसलं आहे तिला दुकानच नको असतं. तिच्या मागणीत खोट काढण्याचं मला कारण दिसत नाही.

तरी चार दशकांच्या या बोलण्यात केंद्रस्थानी कायम दुकान राहिलं. दुकान असावं की नसावं, परवाना कुणाचा, हप्ता कुणाला. पिणारा माणूस त्यात आला तो एक तर गुन्हेगार म्हणून, नाही तर आकडा म्हणून. त्याला कोणता उपचार लागू पडतो? सुटलेली दारू किती महिने सुटलेली राहते? परत लागते ती कधी, कापसाचे पैसे हाती आल्यावर, पोळ्याच्या करीला, की पोरीच्या लग्नात? यावर आपल्याकडे साधा वादही झाला नाही. वाद घालायलासुद्धा थोडी माहिती लागते.

जे अभ्यास झाले ते मागच्या दाराने झाले, शेतकरी आत्महत्यांच्या. विदर्भातल्या आत्महत्यांचा प्रश्न उच्च न्यायालयात पोहोचला आणि मग संशोधकांच्या गाड्या इकडे येऊ लागल्या. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतले श्रीजित मिश्र यांनी 2006 मध्ये अहवाल दिला. त्यासाठी वर्धा, वाशीम आणि यवतमाळ या तीन जिल्ह्यांतली आत्महत्येची घरं आणि तुलनेसाठी तशीच इतर घरं पाहिली होती. कर्ज आणि घसरलेली आर्थिक स्थिती हे मोठे धोके निघाले, आणि व्यसन हाही एक घटक नोंदला गेला. सेवाग्रामचे मनोविकारतज्ज्ञ प्रकाश बेहरे यांनी 2008 मध्ये मानसिक आजाराच्या बाजूने हाच प्रश्न मांडला. सेवाग्रामच्याच डोंगरे आणि देशमुख यांचा 2012 चा निबंध मला या सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण त्याची रीत अगदी साधी आहे. गावातल्या लोकांनाच कारणं मोकळेपणी सांगायला लावली आणि मग त्या कारणांचे गट त्यांच्याकडूनच पाडून घेतले. लोकांनी कर्जाच्या जोडीला व्यसन ठेवलं. यंत्र लागलं नाही, प्रयोगशाळा लागली नाही. गावात जाऊन बसावं लागलं.

पण आत्महत्येच्या दाराने दारूकडे गेलं की एक अडचण येते आणि ती इथल्या तलाठ्यापासून पत्रकारापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. सरकारी मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ ठरायला कर्ज, नापिकी आणि वसुलीचा तगादा दाखवावा लागतो. दारूचा उल्लेख आला की प्रकरण ‘अपात्र’कडे झुकतं. मग घरचे दारूचं नाव कशाला काढतील? आणि शेतकऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही तो विषय नकोसा, कारण व्यसनाचं निमित्त करून कर्जाचा आणि भावाचा प्रश्न झटकणारे नेहमीच टपलेले असतात. दोघांचंही बरोबर आहे. या ओढाताणीत दारूचा आजार म्हणून अभ्यास राहिला तो राहिलाच.

2015 मध्ये यवतमाळ आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू झालं. पाठोपाठ आरोग्य खात्याचा प्रेरणा प्रकल्प आला. त्यात आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन खचलेली माणसं शोधू लागल्या. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांच्यामार्फत मानसिक आरोग्याचं काम करायचं, अशी त्याची मांडणी होती. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण तिथे 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेल्याचं 2017 मध्ये प्रसिद्ध झालं. नैराश्याच्या बाबतीत वऱ्हाडात आधी किती आणि नंतर किती, हे असं सांगता येतं. दारूच्या बाबतीत आपण अजून ‘फार आहे हो’ या पायरीवर आहोत.

आधीचा काळ पाहिला तर सुरुवात किती थोडक्यात झाली याचं नवल वाटतं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गावकऱ्यांनाच दारूचा हिशेब करायला बसवलं. गावात कोण किती पितो, दारूवर किती पैसा जातो, पिऊन काय काय घडतं. बेरीज झाली तेव्हा जिल्ह्याच्या वार्षिक विकास निधीपेक्षा दारूवरचा खर्च मोठा निघाला. 1991 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात त्यांनी ही हकीकत लिहिली, लोकांच्या सहभागाने दारूवर संशोधन आणि कृती अशा रोखाने. दोन वर्षांनी बंदी आली. आंदोलनाच्या हाती आकडे होते आणि ते लोकांनी स्वतः काढलेले होते, हे त्या यशाचं एक कारण मानायला हवं. पुढे 2016 पासून तिथे ‘मुक्तिपथ’ सुरू झालं, सर्च, टाटा ट्रस्ट आणि राज्य सरकार मिळून. त्यात गावसंघटन आणि अंमलबजावणीच्या जोडीला तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचाराचे दवाखाने आणि गावात शिबिरं आली. बंदी असलेल्या जिल्ह्यालासुद्धा उपचार लागतो, ही कबुली त्यात आहे. बंदीच्या समर्थकांनी ती वाचावी आणि विरोधकांनीही.

पुण्यात 29 ऑगस्ट 1986 रोजी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उघडलं. येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर असलेल्या अनिता अवचट आणि गर्दच्या व्यसनावर लिहीत असलेले अनिल अवचट, या दोघांच्या हाती पु. ल. देशपांड्यांनी एक लाख रुपये ठेवले, त्यावर हे उभं राहिलं. एक लाख त्या काळी लहान नव्हते, पण संस्था उभी करायला ते मोठेही नव्हते. तिथे रुग्णाला रुग्णमित्र म्हणतात. पिणाऱ्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ आहे. आणि बाहेर पडलेल्यांचा पाठपुरावा हा उपचाराचाच भाग मानला जातो. विदर्भातूनही माणसं तिकडे जातात. प्रश्न पुढचा आहे. आर्णीचा किंवा घाटंजीचा माणूस पुण्याहून दारू सोडून परत येतो. गाव तेच, पान ठेला तोच, वावर तेच, मित्रही तेच. पुढच्या बारा महिन्यांत त्याचं काय होतं, हे कुणाच्या वहीत लिहिलं जातं?

या बारा महिन्यांचं महत्त्व ज्यांना कळलं त्यांचं काम गोव्यात आहे. ‘संगात’ ही तिथली संस्था 1996 ची. विक्रम पटेल, अभिजित नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेलकम ट्रस्टच्या पैशातून एक चाचणी केली. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या पुरुषांना दहा प्रश्नांची ठरावीक प्रश्नावली विचारली. चाळीसपैकी 12 ते 19 गुण पडलेले, म्हणजे पिणं घातक पातळीवर गेलेले पण पूर्ण आहारी न गेलेले, 377 पुरुष निवडले. निम्म्यांना नेहमीची सेवा दिली. उरलेल्यांना त्या सेवेबरोबर समुपदेशनाच्या एक ते चार बैठका दिल्या. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. थोडं प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी पाहिलं तर समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के धोक्याच्या रेषेखाली आले होते, इतरांपैकी 26 टक्के. फरक होता, पण डोळे दिपवणारा नव्हता. हे जानेवारी 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं.

त्यांनी तिथे काम थांबवलं असतं तर गोष्ट एवढीच राहिली असती. वर्षाने ते त्याच माणसांकडे परत गेले. तेव्हा आकडे होते 54.3 टक्के आणि 31.9 टक्के. दरी बुजण्याऐवजी रुंदावली होती. पूर्ण आकडा वाचणाऱ्याने पुढचंही वाचावं. जे पीतच राहिले त्यांचं रोजचं प्रमाण तीन महिन्यांच्या पाहणीत फारसं घटलं नव्हतं आणि बायकोला होणाऱ्या मारहाणीतही ठळक फरक सापडला नव्हता. संशोधकांनी हे लपवलं नाही. आपल्या मोर्चातल्या बायकांना नेमकं हेच विचारायचं असतं, त्यामुळे गोव्याचं उत्तर यवतमाळात जसंच्या तसं चालणार नाही. शिवाय 20 च्या पुढे गुण असलेले, पूर्ण अवलंबून असलेले, त्या चाचणीत घेतलेच नव्हते. वणीत सॅनिटायझर पिणारी माणसं त्या पुढच्या गटातली. आणि आपल्याकडे देशीच्या पव्व्यासोबत मोहाची हातभट्टी आहे. झरी जामणीच्या कोलाम पोडावर मोहफूल हे अन्नही असतं, विधीही असतो आणि विकलं तर मीठ-मिरचीचा पैसाही. ‘किती पेग घेता’ असं तिथे विचारून चालत नाही.

मग आपल्या जिल्ह्याचे आकडे कुठले वापरायचे? सभांमध्ये एक आकडा हमखास फेकला जातो. देशात दारूच्या विकारासाठी उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण 86 टक्के. तो बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातला आहे आणि ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता. 2019 मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने प्रसिद्ध केलेली पाहणी सांगते की, दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांमागे एकाला कसला तरी उपचार मिळाला आणि भरती होऊन उपचार 180 जणांमागे एकाला. हे चित्र सगळ्या देशाचं आहे. पुसद, उमरखेड, पांढरकवडा इथे काय आहे ते त्यातून कळत नाही.

एक संधी तर डोळ्यांदेखत निसटली, तिचं मला सर्वांत वाईट वाटतं. वर्धा नदीच्या अलीकडे यवतमाळ, पलीकडे वर्धा आणि चंद्रपूर. 2015 ते 2021 या काळात नदीपलीकडचे हे दोन्ही जिल्हे कोरडे आणि वणी-मारेगाव-राळेगावचा काठ ओला. 27 मे 2021 रोजी राज्य मंत्रिमंडळाने चंद्रपूरची बंदी उठवली. बंदीचा आढावा घेणाऱ्या रमानाथ झा समितीचा अहवाल त्याआधी आला होता. बंदी आली, सहा वर्षं राहिली, उठली, आणि मधल्या नदीवर पूल होते. असा प्रयोग कोणताही शास्त्रज्ञ मुद्दाम घडवून आणू शकत नाही. वणीच्या सरकारी दवाखान्यात त्या सहा वर्षांत यकृताचे, अपघाताचे, दारू तुटल्याचे किती रुग्ण आले आणि बंदी उठल्यावर किती? जुनी रजिस्टरं, दोन विद्यार्थी आणि एक उन्हाळा, एवढ्यावर सुरुवात झाली असती. त्याऐवजी चंद्रपूरचा वाद निवेदनं, महसूल आणि गुन्ह्यांच्या संख्येवर लढला गेला. बंदीने माणसांची दारू सुटली का, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी घोषणेसारखा वापरला.

पैसा नव्हता, असं म्हणणं सोपं आहे. लहान संशोधनासाठी पैसा कसा दिला जातो, ते जरा पाहू. अमेरिकेत 1970 मध्ये दारूविषयक संशोधनासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था निघाली. तो कायदा रेटणारे आयोवाचे सिनेटर हॅरल्ड ह्यूज स्वतः दारूतून बाहेर आलेले होते आणि ते उघडपणे सांगत. त्या संस्थेच्या लहान अनुदानाची रीत अशी की वर्षाला 50 हजार डॉलरपर्यंत, दोन वर्षं. नवख्या माणसाने एखादी कल्पना तपासून पाहावी, जमली तर मोठा अर्ज करावा. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘लहान’ अनुदानाची मर्यादा दोन कोटींपर्यंत आहे. दोन कोटींचा अर्ज लिहायला, तो पोसायला आणि त्याचा हिशेब द्यायला जी व्यवस्था लागते ती पुण्या-मुंबईत असते. दुसऱ्या टोकाला वैद्यकीय विद्यार्थ्यांची अल्पकालीन शिष्यवृत्ती आहे. परिषद ती 1979 पासून देते, रक्कम आता 50 हजार आणि मुदत दोन महिने. चांगली योजना आहे, अनेकांना तिने प्रश्न विचारायला शिकवलं. पण दोन महिन्यांत विद्यार्थी काय करणार? शंभर लोकांना प्रश्नावली भरायला लावणार, इतके पितात, इतके पीत नाहीत असं लिहिणार. सुटलेली दारू सुटलेली राहते का, हे दोन महिन्यांत कळूच शकत नाही. गोव्याचा तीन महिन्यांचा आकडा आणि बारा महिन्यांचा आकडा शेजारी ठेवून पाहा.

माझं म्हणणं इतकंच आहे की रक्कम लहान असली तरी चालेल, मुदत आखूड नको. वर्षभर, जमलं तर दोन वर्षं, त्याच माणसांकडे परत जाण्याचे पैसे द्या. एका कार्यकर्त्याचा पगार, एसटीचं भाडं, फोनचा खर्च आणि आकडे तपासायला कुणी जाणता. यात काय शोधता येईल याची उणीव नाही. आपल्याकडे माळ घालून दारू सोडणारे हजारोंनी आहेत. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराजांच्या प्रदेशात व्यसनमुक्तीची पहिली भाषा कीर्तनातून आली. माळ घातलेल्यांपैकी वर्षाने किती कोरडे असतात, आणि गोळ्या घेतलेल्यांपैकी किती? ही तुलना इथेच होऊ शकते. भिंतीवर जाहिरात वाचून बायको भाजीत गुपचूप कालवते त्या पुडीत काय असतं? मजूर सुगीत इथे आणि उन्हाळ्यात पुण्याकडे, त्याचा पाठपुरावा कसा ठेवायचा? बरा झाला म्हणजे काय, यावर अमेरिकेतल्या त्याच संस्थेने 2022 मध्ये व्याख्या मांडली. तिच्यात पिण्याच्या प्रमाणासोबत जगण्याची प्रतही धरली आहे. घाटंजीच्या बाईला विचारलं तर ती सांगेल की मजुरी घरी येते का, पोरं बापाला पाहून आत पळतात की बाहेर. तेही मोजता येतं.

आणि कर्ज-नापिकीच्या कागदापासून हे सगळं वेगळं ठेवावं लागेल. अभ्यासात कुणी दारू कबूल केली म्हणून त्याच्या घरची मदत अडणार नाही, ही हमी जिल्हा प्रशासनाने लेखी दिल्याशिवाय खरं उत्तर मिळायचं नाही.

यवतमाळात वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1989 पासून आहे. दर वर्षी तिथून डॉक्टर बाहेर पडतात. जिल्ह्यात सोळा तालुके आहेत आणि प्रत्येक तालुक्यात आशा कार्यकर्त्यांचं जाळं आहे. जिल्हा नियोजन समिती दर वर्षी रस्ते, सभागृहं आणि सुशोभीकरणावर निधी मंजूर करते. त्यातला एका सभागृहाचा खर्च बाजूला काढून दोन वर्षांच्या मुदतीची पाच-सहा लहान अनुदानं जाहीर करावीत. महाविद्यालयाने निवड करावी, अर्ज मराठीत घ्यावेत, आणि दारूमुक्तीचं काम करणाऱ्या गावच्या बायकांनाही अर्जाचा हक्क असावा. पुढच्या बैठकीत कुणी सदस्याने हा विषय मांडला तर त्याला विरोध करायला कुठल्या पक्षाकडे कारण असेल, असं मला वाटत नाही. वाचकांपैकी कुणाची त्या सदस्यांशी ओळख असेल, तर एक पत्र जरूर लिहा.